नळ्या ‘ओपन’ आहेत, तरी दिवस का राहत नाहीत?

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की आजकाल जोडपी फार वाट न पाहता तपासणीला जातात. गुटगुटीत बाळांचे फोटो लावलेले आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रांचे फलक आता तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही दिसतात. तपासण्या होतात आणि बाईच्या हातात एक्स-रेच्या फिल्मसोबत अर्ध्या पानाचा कागद पडतो. त्यावर लिहिलेलं असतं, दोन्ही ट्यूब (गर्भनलिका) ब्लॉक, नाहीतर दोन्ही ट्यूब ओपन. पहिलं वाचून घरातलं बोलणं खुंटतं. दुसरं वाचून सगळे हुश्श करतात आणि सहा महिन्यांनी विचारायला लागतात, सगळं नॉर्मल आहे तर अडतंय कुठे?

दोन्ही वेळा तो कागद जेवढं सांगतो त्याहून जास्त त्यात वाचलं जातं. नळी आतून कशी आहे, बाहेरून कशाला चिकटली आहे आणि हे कशामुळे झालं, हे कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरवणं म्हणजे चाचपडणंच.

या नळीला कामं तरी किती?

गर्भाशयाच्या, म्हणजे आपण जिला ‘पिशवी’ म्हणतो तिच्या, दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका असते. लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर. सोळाव्या शतकात गॅब्रिएल फॅलोपिओ या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून तिचं नाव फॅलोपियन ट्यूब. पिशवीच्या भिंतीतून निघताना तिचं आतलं भोक १ मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतं. पुढे ती रुंदावत जाते आणि अंडाशयापाशी तिच्या टोकाला बोटांसारखी झालर असते.

बहुतेकांना वाटतं, नळीचं एक टोक पिशवीला आणि दुसरं अंडाशयाला पक्कं जोडलेलं असेल. तसं नसतं. अंडाशयातून बीज सुटतं ते मोकळ्या जागेत. त्या वेळी नळीची झालर अंडाशयावर फिरते आणि बीज टिपून आत घेते. कधी कधी उजवी नळी डाव्या अंडाशयाचं बीजही उचलते, इतकी ती हलती असते. सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, त्यामुळे हा झेल चुकला की तो महिना गेला. पुढे नळीच्या रुंद भागात शुक्रजंतू आणि बीज भेटतात. फलित झालेलं बीज तीन-चार दिवस नळीतच राहतं, तिथल्या स्रावावर पोसलं जातं आणि नळीच्या आतले सूक्ष्म केस त्याला हळूहळू पिशवीकडे ढकलतात.

म्हणजे टिपणं, भेट घडवणं, पोसणं आणि पोचवणं, अशी चार कामं. एक्स-रेच्या तपासणीतून कळतं ते इतकंच, की औषधाचा द्राव या टोकाने घातला तर त्या टोकाने बाहेर पडतो की नाही. भोक उघडं आहे पण झालर चिकटली आहे, किंवा आतले केस जळून गेले आहेत, अशा नळीचाही रिपोर्ट ‘ओपन’ येऊ शकतो. अडतंय ते अनेकदा इथे.

आत नेमकं काय चिकटतं?

पोटातल्या अवयवांवर एक पातळ, ओलसर अस्तर असतं. त्यामुळे आतडी, पिशवी, नळ्या, अंडाशय एकमेकांना खेटून असले तरी घसरत राहतात. जंतुसंसर्ग, साचलेलं रक्त किंवा शस्त्रक्रियेतली जखम यामुळे हे अस्तर सोललं गेलं, की शरीर तिथे फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ आणून टाकतं. ही जखम भरण्याची पहिली पायरी. एरवी शरीरच तो चिकटपणा काही दिवसांत विरघळवून टाकतं. पण सूज फार असेल किंवा त्या भागाला रक्तपुरवठा कमी पडत असेल तर तो तसाच राहतो, त्यात पेशी शिरतात, तंतू विणले जातात आणि दोन अवयवांच्या मध्ये कायमचा पदर तयार होतो. डॉक्टर याला ‘ॲडहिजन’ म्हणतात.

गच्चीत वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या आठवा. ओल्या असताना दोन कडा एकमेकींना लागल्या तर बोटाने सहज अलग होतात. उन्हात कडक झाल्यावर ओढायला गेलं की एकीचा तुकडा दुसरीला चिकटून येतो. पोटातल्या या वाळवणाला साधारण आठवडा पुरतो. म्हणूनच निष्णात सर्जन पिशवीची किंवा अंडाशयाची शस्त्रक्रिया करताना अवयव ओले ठेवणं, रक्त साचू न देणं, कमीत कमी हाताळणं यावर इतका भर देतात. एकदा चिकटून पक्कं झालेलं सोडवायचं तर कापावंच लागतं, आणि कापलं की नवी जखम, म्हणजे पुन्हा चिकटायची शक्यता.

काही पदर कोळिष्टकासारखे झिरझिरीत असतात. काही जाड असतात, त्यांच्यात रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. ते अंडाशयाला गुंडाळून टाकतात, नळीला पिशवीच्या मागे खेचून बांधून ठेवतात किंवा झालरीची बोटं एकमेकांना जोडतात. नळीचं टोक पूर्ण मिटलं तर आतला स्राव साचून ती फुगते. तिला हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण मला कधी त्रासच झाला नाही!

हे जवळजवळ प्रत्येक बाई म्हणते, आणि ती खरंच सांगत असते.

नळ्या बिघडण्याचं जगभरातलं मोठं कारण म्हणजे योनिमार्गातून वर चढलेला जंतुसंसर्ग. त्याला पीआयडी म्हणतात, म्हणजे ओटीपोटातल्या जननअवयवांना आलेली सूज. लैंगिक संबंधातून पसरणारे क्लॅमिडिया आणि गनोरिया हे जंतू यात पुढे असतात, आणि क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य बायकांना काही लक्षणच जाणवत नाही. थोडंसं अंगावर पांढरं जाणं, कंबर धरणं, संबंधाच्या वेळी दुखणं, असं काही असलं तरी आपल्याकडे ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणून ते अंगावर काढलं जातं. अस्वच्छ बाळंतपण, अर्धवट राहिलेला गर्भपात, अप्रशिक्षित माणसाने केलेला गर्भपात यातूनही जंतू वर जातात. कायदेशीर ठिकाणी, योग्य पद्धतीने केलेल्या गर्भपाताने नळ्या बंद होत नाहीत. तो १९७१ पासून आपल्या कायद्यात आहे. नळ्यांचं नुकसान होतं ते लपूनछपून केलेल्या गर्भपातातल्या संसर्गाने.

हे अंगावर काढणं किती सार्वत्रिक आहे, ते गडचिरोलीत मोजलं गेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार मिळाले होते फक्त ८ टक्क्यांना. आपल्या आया आणि आज्या याच पिढ्यांतल्या.

संसर्ग किती वेळा झाला, यालाही महत्त्व आहे. स्वीडनमधल्या लुंड शहरात पीआयडी झालेल्या बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. एकदा सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के बायकांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होतं आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. म्हणून पहिल्याच वेळी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करणं आणि नवऱ्यानेही उपचार घेणं याला एवढं महत्त्व आहे. बाई एकटीच गोळ्या खाऊन बरी होते आणि महिन्याभरात तोच संसर्ग घरातूनच परत येतो, हे फार वेळा घडतं.

तांबीची भीती मात्र अवास्तव आहे. कॉपर-टी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीनेक आठवड्यांत संसर्गाचा धोका थोडा वाढतो, पुढे नाही.

संसर्गाशिवायही चिकटतं. लहानपणी फुटलेलं अपेंडिक्स, अंडाशयाच्या गाठीची किंवा फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीतल्या गाठीची, शस्त्रक्रिया, सिझेरियन, ही कारणं आहेतच. शिवाय एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पोटात भलत्याच जागी वाढणं. त्याने ओटीपोटात सतत सूज राहते आणि अवयव चिकटत जातात. पाळीच्या दिवसांत अंथरूण धरायला लावणारी वेदना ‘लग्नानंतर कमी होईल’ म्हणून सोडून देऊ नये ती यासाठी.

खोकला नाही, ताप नाही, आणि म्हणे क्षय?

भारतात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. पाश्चात्त्य देशांत ती जवळपास दिसत नाही. क्षयाचे जंतू बहुतेकदा श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथून रक्तावाटे दुसरीकडे पोचतात. बाईच्या जननअवयवांत ते उतरले तर पहिला घाव नळ्यांवर पडतो. अशा क्षयात १०० पैकी ९० हून जास्त बायकांच्या नळ्या त्याच्या तावडीत सापडतात, निम्म्याहून अधिक जणींच्या पिशवीचं अस्तरही. फुप्फुसातला आजार तोवर आपोआप शमलेलाही असू शकतो, म्हणून खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो. कधी पाळी हळूहळू कमी होत जाते, कधी तीही नियमित असते. मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच तो कळतो.

निदान अवघड आहे. या अवयवांत जंतूंची संख्या मुळात थोडी असते. पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, त्यातले जंतू वाढवून पाहणं, जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी जीनएक्स्पर्टसारखी चाचणी आणि दुर्बिणीतून नळ्यांवर दिसणारे बारीक दाणे, हे सगळं जुळवून डॉक्टर ठरवतात. हातावर टोचून करतात ती क्षयाची मॉन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पोटात क्षय आहे असं होत नाही. भारतात मोठ्या संख्येने माणसांना ती तशी येते. नुसत्या पीसीआरच्या (हीही जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) एका कागदावर सहा महिन्यांची औषधं सुरू झाली असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारणं मला तरी गरजेचं वाटतं.

निदान पक्कं असेल तर औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कोर्स साधारण सहा महिन्यांचा. तो पुरा करायचा, कारण तो जीव आणि पिशवी दोन्ही वाचवतो. मात्र औषधाने जंतू मरतात, जळालेली नळी पुन्हा उगवत नाही. आजार लवकर सापडला तर गोष्ट निराळी.

‘मग घरात इतरांना लागेल का?’ हा प्रश्न सासरी हळू आवाजात येतो. फुप्फुसात क्षय नसेल तर तो खोकल्यातून पसरत नाही, आणि शरीरसंबंधातून लागण होणं अत्यंत दुर्मीळ आहे. ताट-वाटी वेगळी करण्याचं काही कारण नाही.

तपासणी: सोनोग्राफीत दिसत नाही का?

नाही. निरोगी नळी सोनोग्राफीत दिसतच नाही, पाणी भरून फुगलेली दिसते. म्हणून एचएसजी करतात. पाळी थांबल्यावर, म्हणजे ती सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात, पिशवीच्या मुखातून एक्स-रेत दिसणारा द्राव सोडतात आणि तो नळ्यांतून पोटात सांडतो का ते पाहतात. पाळीत येतात तशा कळा येतात, कुणाला जास्त. आधी वेदनाशामक गोळी मागून घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या तपासणीत दोन फसवणुकी होतात. एक म्हणजे, कळ आल्यामुळे नळीचा पिशवीजवळचा स्नायू आवळला जातो, द्राव पुढे सरकत नाही आणि चांगली नळीही ‘ब्लॉक’ ठरते. पिशवीपाशीच दोन्हीकडे बंद असा रिपोर्ट असेल तर लगेच हाय खाऊ नका. दुसरी फसवणूक उलटी. भोवतीचे चिकटलेले पदर एचएसजीत नीट दिसत नाहीत आणि अडकलेली नळी ‘ओपन’ म्हणून सुटते.

एचएसजीचा एक अनपेक्षित फायदाही आहे. नेदरलँड्समधल्या १,११९ जणींच्या अभ्यासात (२०१७) तेलात बनवलेला द्राव वापरल्यावर पुढच्या सहा महिन्यांत ३९.७ टक्के जणींना दिवस राहिले, पाण्यात बनवलेल्या द्रावाने २९.१ टक्के जणींना. या बायकांच्या नळ्यांत मोठा दोष असण्याची शक्यता मुळात कमी होती, हे ध्यानात घ्यायला हवं.

चिकटलेलं खरंच पाहायचं असेल तर लॅप्रोस्कोपी. भूल देऊन बेंबीपाशी छोटा छेद घेतात, दुर्बीण आत घालतात, खालून निळा द्राव सोडतात आणि तो झालरीतून बाहेर येताना प्रत्यक्ष पाहतात. त्याच वेळी काही पदर सोडवताही येतात. ती प्रत्येकीला लागत नाही. पूर्वी क्षय, अपेंडिक्स, पोटाची शस्त्रक्रिया, पाळीत असह्य वेदना असं काही असेल तर ती करण्याकडे कल असतो.

आणि हे सगळं नवऱ्याच्या वीर्यतपासणीनंतर. ती स्वस्त आहे, बिनदुखणी आहे आणि अर्ध्या तासात नमुना देऊन होते. ती न करताच बायकोच्या पोटात दुर्बीण घालून झालेली जोडपी आजही भेटतात. याला काय म्हणावं?

बंद आहे म्हणतात, मग उघडून द्या ना

कुठे बंद आहे, त्यावर ते अवलंबून आहे. पिशवीजवळ बंद असेल आणि तिथे फक्त घट्ट स्राव अडकला असेल, तर दुर्बिणीतून बारीक तार घालून ती मोकळी करता येते. झालरीकडचं टोक चिकटलं असेल तर ते शस्त्रक्रियेने उघडता येतं, पण यश आतल्या अस्तरावर ठरतं. अस्तर शाबूत, नळी पातळ, पदर झिरझिरीत असतील तर आशा चांगली. जाड भिंतीची, क्षयाने खाल्लेली नळी उघडली तरी ती काम करत नाही. दोन्ही टोकांना बंद असलेली नळी सहसा कोणी दुरुस्त करायला घेत नाही.

वयाचा हिशेब इथे आडवा येतो. नळी दुरुस्त केल्यावर वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते. २७ वर्षांच्या मुलीला ते परवडतं, ३८ वर्षांच्या बाईला नाही. म्हणूनच ३५ पर्यंत वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून तपासणीला जावं असं सांगतात.

काढे, पोट चोळणं, ‘नळी उघडणारी’ ऑनलाइन मिळणारी पावडर? तंतूंनी पक्का झालेला पदर पोटात घेतलेल्या कशानेही विरघळतो, याचा भरवशाचा पुरावा नाही. पावडरीचं एक वेळ सोडा. पण आत संसर्ग असताना पिशवीत तेल किंवा आणखी काही सोडून घेतलं तर जंतू वर ढकलले जातील, हा धोका खरा आहे.

आयव्हीएफ करायचं, तर नळी काढून का टाकायची?

आयव्हीएफ हे तंत्र जन्मालाच या दुखण्यासाठी आलं. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या, लेस्लीच्या, नळ्या बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी नळीचं काम प्रयोगशाळेतल्या बशीत करून दाखवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला असं बाळ जन्मलं.

नळी वापरायचीच नाही, तर ती असली काय नि नसली काय, असं वाटणं साहजिक आहे. पण फुगलेल्या नळीतलं, म्हणजे हायड्रोसॅल्पिंक्समधलं, पाणी उलटं पिशवीत झिरपतं आणि तिथे सोडलेल्या गर्भाला रुजू देत नाही. अशा नळीसह केलेल्या आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आधी ती काढतात किंवा पिशवीजवळ क्लिप लावून बंद करतात. डॉक्टर हे सुचवतात तेव्हा ‘उरलीसुरली आशाही काढून घेतली’ असं बाईला वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे तिची संधी वाढत असते. पिशवीचं अस्तरच क्षयाने खराब झालं असेल तर मात्र आयव्हीएफचाही नाइलाज होतो, म्हणून लाखांचा खर्च करण्याआधी अस्तर तपासून घ्यावं.

खर्चाचं म्हणाल तर बहुतेकांना तो खासगीतच करावा लागतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून ही सेवा मोफत सुरू झाली, असं उदाहरण अजून विरळा. २०२१ च्या कायद्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, आणि उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा, असं बेलाशक म्हणावं.

दिवस राहिले! आता तरी निश्चिंत?

अजून एक टप्पा आहे. बिघडलेल्या नळीत शुक्रजंतू शिरू शकतात, पण त्यांच्या मानाने कितीतरी मोठं असलेलं फलित बीज अडकून तिथेच रुजू शकतं. नळी ताणते आणि फुटते, पोटात रक्तस्राव होतो. एरवी १०० गर्भधारणांत एक-दोन अशा असतात. नळ्यांचा आजार, नळीची शस्त्रक्रिया किंवा आधी एकदा असं झालेलं असेल तर शक्यता बरीच वाढते. आयव्हीएफनेही ती शून्य होत नाही. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी १९७६ मध्ये नोंदवलेली गर्भधारणा नळीतच रुजली होती आणि संपवावी लागली होती.

म्हणून नळ्यांचा इतिहास असलेल्या बाईने पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की पेढ्यांच्या आधी डॉक्टरांना फोन करावा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भ पिशवीत दिसला की झालं. नळीत असल्याचं लवकर कळलं तर काही जणींना शस्त्रक्रियेशिवाय, इंजेक्शनवर निभावतं. पण मधल्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं, थोडं थोडं लाल जाऊ लागलं, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असो की गावाला असाल, थेट शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा, आणि पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायचं की पाळी चुकली आहे आणि नळ्यांचा त्रास आहे.